पाटावर कुठलं पुस्तक ठेवायचं?

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज काल ड्यूटीवरून रूमवर आल्यावर ऐकला, मग जेवताना परत ऐकला. दसऱ्याला सरस्वतीपुढे तुझं सगळ्यात आवडतं एक पुस्तक ठेव असं आजी म्हणाली आणि तुला दोन दिवस ठरवताच येत नाहीये, म्हणून तू विचारतेस की बाबा तू कुठलं ठेवायचास, आणि आपल्यात पुस्तकांची पूजा करतातच कशाला.

पूजेचं सोपं आहे. ज्याच्या जिवावर आपलं चालतं त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे. काका त्या दिवशी स्कूटर धुवून तिला रोजांच्या फुलांचा हार घालतो ना, सुतार रंधा नि करवत मांडतो, तसं पोरांनी पाटी-पुस्तक मांडायचं. पाटीवर एकाचे आकडे जोडत जोडत सरस्वती काढायची, माझी दरवर्षी डावीकडे कलंडायची. आणि पूजेला ठेवलेलं पुस्तक फुलं काढेपर्यंत उघडायचं नाही. आपल्या घरात ही अट पक्की होती.

म्हणून मी काय करायचो, गणिताचं पुस्तक पाटावर आणि आवडतं उशीखाली! चौथीत तुझ्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, पकडलं. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "देवाक नावडतें दितात रे?" मला इतकं लागलं ते की पुढच्या वर्षी मी आदल्या संध्याकाळी सगळी पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलो, आणि तुझ्यासारखाच अडकलो.

कारण कसं ठरवणार सांग. फास्टर फेणे ठेवावा तर तापात तोच लागायचा, त्याचं ते "ट्टॉक" मी अंथरुणात पडून करायचो, आणि फोंड्याबाहेर फारसं काही बघितलेलं नसताना पुणं मला भा. रा. भागवतांनी त्याच्या सायकलवरून फिरवून दाखवलं. श्यामची आई ठेवावी तर ते पुस्तक मी एका दमात कधीच वाचलं नाही, मध्येच मिटून आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात जायचो. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं हे मोठेपणी कळलं, पण त्यातलं कोकण मला ओळखीचं वाटायचं, आपल्या परसात असल्यासारखं. त्यात मुक्या फुलांची गोष्ट आहे, उमलायच्या आधीच कळ्या तोडायच्या नाहीत ही, ती वाचल्यापासून मी पूजेची फुलं काढताना अजून बघून काढतो. आता यातलं जास्त आवडतं कुठलं? एक खेळायला लागतं, एक जवळ बसायला. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, तू नाही चुकत.

शिवाय पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतली पुस्तकं वेगळीच. ती 1832 सालची, पोर्तुगीज काळातली लायब्ररी, आता पणजीतल्याच पाटो भागात मोठी इमारत आहे, तेव्हा मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या बिल्डिंगमध्ये होती, आत शिरलं की भिंतीवर निळ्या टाइल्सची चित्रं. आजोबा कदंबाच्या बसने न्यायचे. तिथून आणलेलं पुस्तक आपलं नसतं, परत द्यायचं असतं, म्हणून कदाचित जास्तच जीव लागायचा, पण दुसऱ्याचं पुस्तक पाटावर ठेवायला आजीने दिलं नाही.

तर त्या वर्षी शेवटी रडू आलं मला. आजी आली, सगळी पुस्तकं उचलली, एकावर एक रचली आणि वर एक फूल ठेवून मोकळी झाली. पाट लहान होता, पण थप्पी उंच केली तर कोण अडवतंय! रात्री मात्र वाचायला घरात एकही पुस्तक नाही. मला झोप येईना, मग तिने अंधारात पडल्या पडल्या तिच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या, विहिरीत पडलेल्या कळशीची वगैरे. तिला विचार ती गोष्ट, अजून आठवत असेल.

आणि थप्पीची पण आठवण कर तिला, एकच ठेव म्हणणार नाही मग. मोठ्या आकाराची पुस्तकं खाली ठेव, नाहीतर कलंडतात, आणि समईपासून लांब. माझ्या फास्टर फेणेवर तेल सांडलेलं, आतल्या कपाटात आहे बघ तो, मागचं कव्हर अजून पारदर्शक आहे.

तुझा,
बाबा
मस्कत