एकांकिकेतले संवाद पाठ आहेत, पण पात्र उभं राहत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऊसतोड मजूर बाईची भूमिका मिळालीय, पाठांतर पक्कं आहे, तरी दिग्दर्शक ‘पात्र दिसत नाही’ म्हणतात. मी बीडकडचा, कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बसवतो. माझं म्हणणं, ती किती दुःखी आहे हा विचार आधी सोडा. ती समोरच्याकडून काय मिळवू बघतेय ते शोधा.

समजा, मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, दारात आलाय आणि तुमचं वाक्य आहे, “या, बसा. चहा टाकते.” नुसतं आदबीनं म्हटलं तर काहीच घडत नाही. पण मागची उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटलेली नाही, नवरा आजारी आहे आणि तिला चार दिवसांची सवड हवीय, असं संहितेत असेल तर तेच वाक्य सवड मागायला लागतं. नजर कुठं ठेवायची, चहाला किती वेळ लावायचा, हे मग शिकवावं लागत नाही. रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांनी ‘दिलेली परिस्थिती’ आणि पात्राचं उद्दिष्ट यांवर एवढा भर दिला तो यासाठीच. उद्दिष्ट क्रियापदात लिहा: टाळणं, गळ घालणं, दटावणं. ‘हतबल असणं’ करून दाखवता येत नाही. आपल्या पैठणच्या एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडातली सासुरवाशीण बघा, दर कडव्याला भवानीकडे काहीतरी मागतेच!

मग हॉट सीट. तालमीत पात्र म्हणून खुर्चीवर बसा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उचल कुणाच्या हातात पडली? पोरं गावाकडं कुणापाशी ठेवली? कारखान्यावर कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कुठं टाकली? जिथं उत्तर अडेल, तेवढं सीझन करून आलेल्या बायकांना जाऊन विचारा. आपल्या भागात त्या लांब शोधाव्या लागत नाहीत, आणि संहितेपेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

डोक्यावर चुंबळ ठेवून खरी जड मोळी घ्या, चालत चालत संवाद म्हणा. मान ताठ होते, श्वास मध्येच तुटतो, वाक्याचे तुकडे पडतात. मोळी उतरवून लगेच तोच प्रवेश करा. हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं.

भाषेचं मात्र सांभाळा. सरसकट ‘गावरान’ हेल काढू नका. बीडची बोली वेगळी, नांदेडची वेगळी. बाई कोणत्या तालुक्यातली ते दिग्दर्शकांशी बोलून ठरवा आणि तिथल्याच कुणाकडून तुमचे संवाद एकदा म्हणवून घ्या.