वर्णद्वेषावर नाटक बसवताय? शेवट कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. वस्तीतल्याच लोकांना घेऊन वर्णद्वेषावर नाटक बसवताय, ज्यांना हे रोज भोगावं लागतं त्यातले दोघं तालमीला यायचे बंद झालेत, आणि हॉल देणारे म्हणतायत शेवट जरा पॉझिटिव्ह करा. तुम्ही हे दोन वेगळे प्रॉब्लेम म्हणून लिहिलंय, मला तर तो एकच वाटतोय. आमच्या ग्रुपच्या नाटकातही हेच झालं होतं म्हणून लांबलचक लिहितेय, आधीच माफ करा. मी नाट्यशास्त्र वगैरे शिकलेली नाही, तुमच्याकडची माणसं वेगळी असतील, सगळं जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

तालमी कशा घ्यायच्या ते तुम्हाला येतंच, ते सोडते.

आमचा प्रवेश जेमतेम काही मिनिटांचा होता. फोनवर एजंट म्हणतो, घर रिकामंय, या बघायला. बाई दारात येते, तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो, हातातली किल्ली खिशात टाकतो आणि म्हणतो, "आत्ताच गेलं हो." बस, संपलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. ही गोष्ट ग्रुपमधल्याच एकीची, किल्ली कशी खिशात गेली ते तिनेच नटाला तीनतीनदा करून दाखवलं, तो घाईघाईत टाकायचा तर म्हणाली, नाही, सावकाश, त्याला काही लपवायचं नव्हतंच मुळी.

अनुदान आणि हॉल दोन्ही एकाच ऑफिसकडून होतं (नाव घेत नाही, उगाच वाद नको). त्यांना आधी पूर्ण संहिता हवी. आता फोरम थिएटरला पूर्ण संहिता असते कुठे? नाटक एकदा वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचं, मग पुन्हा सुरू करायचं, प्रेक्षकातलं कोणीतरी "थांबा" म्हणतं, स्वतः वर येतं आणि त्या बाईच्या जागी उभं राहून वेगळं काही करून बघतं. एजंट झालेला नट सहजासहजी ऐकत नाही. पुढे काय होईल ते आपल्यालाच माहीत नसतं, तर लिहून काय देणार? हे समजावलं तर उत्तर काय, शेवट कोरा असलेली फाइल पुढे जात नाही. मग वरून शेरा आला की एजंट फारच वाईट दिसतोय, लोकांमध्ये तेढ वाढेल, गैरसमज झाला होता असं दाखवा. आमच्या संयोजकाने हॉल जाईल या भीतीने वाक्य घातलं, "माफ करा, माझा गैरसमज झाला", मग हस्तांदोलन, मग सगळ्यांचं समूहगान. त्या बाईने कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "मला घर मिळालं कधी?" दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही आणि तिच्या ओळखीवर आलेले बाकीचेही हळूहळू गळले. राहिलो कोण, तर ज्यांना घर नाकारलं जात नाही ते आम्ही.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत साहेब लोक, आणि नाटकाआधीच प्रमुख पाहुण्यांचं भाषण की आपल्याकडे असलं काही नाहीच मुळी. आता यानंतर कोण उठून "थांबा" म्हणेल! सूत्रधार विचारून विचारून दमला, एक माणूस वर आला नाही. आणि रिपोर्टमध्ये मात्र "उत्स्फूर्त प्रतिसाद".

गंमत अशी की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये वेगवेगळ्या गटांतला पूर्वग्रह कमी व्हायला ज्या चार अटी सांगितल्या (समान दर्जा, समान ध्येय, एकत्र काम आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा) त्यातली शेवटची हीच. म्हणजे ऑफिस पाठीशी असावं हे खरंच. पण पाठिंबा देणं वेगळं आणि मंचावर येऊन बसणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार.

माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): ज्या ऑफिसच्या काउंटरवरचा प्रसंग नाटकात येऊ शकतो त्यांचे पैसे घेऊच नका. घ्यावेच लागले तर तालमीआधी लेखी घ्या की शेवट बदलायला सांगणार नाही, भाषण झालंच तर प्रयोगानंतर होईल, आणि गोष्ट जिची आहे ती प्रयोगाच्या दिवशीसुद्धा गोष्ट काढून घेऊ शकते.

फोरम थिएटर ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या नाट्यदिग्दर्शकाने १९७३ मध्ये पेरूत सुरू केलं ना, त्याचं मूळच हे आहे. एका बाईने सुचवलेला उपाय नट तिच्या मनासारखा करेचनात, शेवटी त्याने तिलाच वर बोलावलं. त्याच्याच ब्राझीलमधल्या अनुभवाची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. त्यांच्या ग्रुपने शेतकऱ्यांसमोर "जमिनीसाठी रक्त सांडू" असं नाटक केलं, एक शेतकरी उठून म्हणाला, चला मग आमच्याबरोबर, बंदुका आहेत. तर हे म्हणाले, आमच्या बंदुका नाटकातल्या! म्हणूनच प्रेक्षकांतून वर येणारा "तिने तक्रार करावी, ठणकावून सांगावं" म्हणाला तर सूत्रधाराने लगेच विचारावं, उद्या तिला घराबाहेर काढलं तर तू कुठे असशील? आणि कोणी एजंटलाच चांगला माणूस बनवायला निघालं तर प्रेक्षकांना "जादू!" ओरडू द्या, तसा नियमच आहे फोरमचा. एजंटची जागा कोणाला घेऊ देऊ नका. मागे उभा राहून सगळं बघणारा जो शेजारी असतो ना, त्याची जागा घेऊ द्या, कारण हॉलमधले बहुतेक जण तोच असतात.

तुमच्याकडे यायचे बंद झालेल्या त्या दोघांना "परत या, रोल आहे" असा मेसेज अजिबात करू नका. त्यांनी स्वतःचा अपमान दर शनिवारी नव्याने करून का दाखवायचा? त्यांना दिग्दर्शनात घ्या, एजंटचा रोल द्या (आमच्याकडे पुढच्या वेळी सगळ्यात भारी एजंट अशाच एकाने केला, त्याला प्रत्येक बहाणा पाठ होता). नाहीतर आधी नुसतं स्टोरी सर्कल करा. अमेरिकेत १९६३ साली मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतून फ्री सदर्न थिएटर ही नाटकमंडळी उभी करणाऱ्यांपैकी जॉन ओनील यांनी पुढे ही पद्धत रुजवली. गोल बसायचं, प्रत्येकाला सारखाच वेळ, मध्ये बोलायचं नाही, सल्ला तर नाहीच. बोलघेवड्या मंडळींना हे फार जड जातं, मला तर अजूनही जातं.

आणि हॉल गेला तर जाऊ दे, खुर्च्या हलवता येतील अशी कुठलीही खोली चालते, उलट स्टेज नसलेलं बरं, पायऱ्या चढून वर यायला लोक लाजतात. फक्त गेटवर सिक्युरिटी आहे का बघा. आमच्या त्या हॉलवर ओळखपत्र काहीच जणांना विचारायचे, आणि कोणाला ते तुम्हाला सांगायला नको. ते दोघं यायचे का थांबले हे विचाराल तेव्हा गेटबद्दलही विचारा.