ग्रुपवर मेसेज पिन केला तरी लोक परत परत तेच का विचारतात?

तुमचा प्रश्न असा, की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीकविम्याची माहिती पिन केली तरी रोज कुणी ना कुणी तेच विचारतं, आणि महिन्याभरानं पिन आपोआप गेली. मीही परभणीकडचा असाच एक ग्रुप सांभाळतो, म्हणून सांगतो.

पिन केल्यानं मेसेज जागचा हलत नाही. वर फक्त एक पट्टी येते, तिच्यावर बोट ठेवलं की ती मूळ मेसेजपाशी नेते. व्हॉट्सअ‍ॅपवर ही पट्टी २४ तास, ७ दिवस किंवा फार तर ३० दिवस राहते, म्हणून तुमची गेली. शिवाय मेसेज पाठवल्यानंतर जो ग्रुपमध्ये आला, त्याला ती दिसतच नाही. नवी माणसं विचारणारच, त्यांच्यावर चिडू नका. मेसेज नव्यानं टाकून पुन्हा पिन करा.

जुन्यांचं कारण वेगळं आहे. पट्टीत जेमतेम एखादी ओळ मावते आणि आपला मेसेज सुरू होतो ‘सर्व शेतकरी बांधवांना सप्रेम नमस्कार’ असा. मग वर तेवढंच दिसत राहतं. ते उघडून कोण बघणार? जूनमध्ये मी पहिलीच ओळ लिहितो, ‘७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका’. ज्यानं मेसेज उघडला नाही त्यालाही कामाचं कळतं. घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची, बीजप्रक्रिया कशी करायची, हे सगळं त्याखाली. नमस्कार शेवटी घाला, कुणी रागवत नाही.

पिन करायचा अधिकार अ‍ॅडमिनपुरता ठेवा, सेटिंगमध्ये तशी सोय आहे.

टेलिग्रामवर काढेपर्यंत पिन राहते. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. एक रुपयात पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. जुना मेसेज वर तसाच राहिला, तर माणूस त्याच हिशेबानं सेवा केंद्रावर जातो आणि पैशाची जुळवाजुळव करेपर्यंत मुदत निघून जाते. वर लावलंय म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालतात.

म्हणून तुमचाही विम्याचा मेसेज आहे तसा परत पिन करू नका. आधी तालुका कृषी कार्यालयात यंदाचे नियम विचारून घ्या, मग अर्जाची शेवटची तारीख पहिल्या ओळीत टाका. ती तारीख उलटली की त्याच दिवशी पिन काढा.