वाचक विचारतात : रामटेक, पण गर्दीशिवाय

प्रश्न : दिवाळी झाली की पुण्याचा मावसभाऊ आमच्याकडे मौद्याला येतोय. सह्याद्रीतले गड पायी फिरणारा गडी आहे. त्याला रामटेक दाखवायचंय, पण गाडीनं वर, दर्शन अन् परत, असं नको. दुसरी वाट आहे का? बाबा ६८ वर्षांचे, तेही येतो म्हणतात.

उत्तर : आहे, आणि रामटेक बघावं तर त्याच वाटेनं. गावातून ऑटोनं अंबाळा तलावावर जा. तिथल्या घाटापासून जुन्या दगडी पायऱ्या डोंगरावर चढतात.

तारीख मात्र नीट बघा. दिवाळीनंतर पंधरवड्यानं त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा भरते, तेव्हा कोणतीच वाट मोकळी सापडत नाही. रविवारही टाळा. चढायला लागा ते उजाडल्यावरच. दोन्ही बाजूंना झाडी आहे, अंधारात पायरीवरचं जनावर दिसत नाही. शेवाळ असेल तिथे पाऊल पायरीच्या मधोमध, पूर्ण टेकवून ठेवा.

पाणी माणशी २ लिटर. आपल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते पाहुण्याला कळत नाही आणि वर पोचल्यावर डोकं धरतं. एका लिटरमध्ये ६ सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचाच घ्या. तहानेची वाट न बघता घोट-घोट प्या.

वानरांचा खरा त्रास वर होतो. कॅरीबॅग दिसली की त्यात खायचंच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नारळ, फुटाणे, बाटली सगळं पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून. तरी ओढलंच तर सोडून द्या, झटापटीत ते चावतं. चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

बाबांना गाडीनं वरच्या वाहनतळापर्यंत येऊ द्या आणि केवल नरसिंह मंदिरापाशी भेटा. राममंदिराकडे धावणारी गर्दी इथे क्वचित थांबते, म्हणून इथे वेळ काढाच. पाचव्या शतकातलं हे वाकाटकांचं मंदिर. आत ऐसपैस बसलेला भव्य नरसिंह आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, नुसता देव. भिंतीत शिलालेख आहे, त्याला हात लावू नका. जवळच रुद्र नरसिंहाचं मंदिर आहे, तेही बघा.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. कुणाचे दुखत असतील तर पायऱ्यांचा हट्ट सोडून बाबांच्या गाडीतून खाली या.