निफाडच्या थंडीत पहाटे सायकल चालवायची तर आधी बोटं सांभाळा

तुम्ही विचारलंय की निफाडला बदली झालीय, पहाटे सहाला सायकलवर निघावं लागतं, दोन-दोन स्वेटर घालूनही बोटं बधिर होतात, तर फेब्रुवारीपर्यंत सायकल बंद ठेवू का. बंद अजिबात ठेवू नका. मी याच भागात सात-आठ हिवाळे चालवतोय, फक्त सुरुवातीला मीपण तुमच्यासारखंच करायचो, अंगावर ढीगभर कपडे आणि हात मात्र उघडे.

बोटांचं मी पहिलं सांगतो कारण तो नुसता त्रास नाहीये, धोका आहे. एकदा उतारावर कुत्रं आडवं आलं आणि ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळेचनात, सायकल सरळ रस्त्याखाली शेतात, ढोपर फुटलं. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, त्यामुळे बाहेरून वारा अडवणारे, बाइकवाले घालतात तसले हातमोजे घ्या, पण इतके जाडही नकोत की ब्रेकचा अंदाज येणार नाही. रिमला ब्रेक लागणारी सायकल असेल तर दवाने रिम ओली होते आणि पहिला ब्रेक नीट लागत नाही, म्हणून निघाल्या निघाल्या दोन-तीनदा हलकं दाबून बघायचं.

कपड्यांचं म्हणाल तर घरातून निघताना जराशी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर दहा मिनिटांत घाम येणार, आणि तो घाम गार पडला की खरी हुडहुडी भरते. आत घाम सुकवणारा टीशर्ट, एक पातळ स्वेटर, वर विंडचीटर, बास. उतार लांब असेल तर विंडचीटरच्या आत छातीवर पेपरची घडी सरकवा, युरोपातले रेसवाले घाट उतरताना हेच करत आलेत. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, पातळ कापड कानावरून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिसणं. हे ऊसतोडीचे दिवस, धुक्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याचदा मागे लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि उभी ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. थंडी फारच पडली की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात त्याचा धूरही रस्त्यावर येतो. मागे लाल लाइट, पुढे पांढरा लाइट, अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट, यात काटकसर नकोच. धुकं दाट असेल तर सरळ थांबा, कुठेतरी टपरीवर चहा घ्या.

दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एरवीही तोंडावर मफलर घेऊन नाकाने श्वास घ्या.

आणि जमलं तर साहेबांना विचारून वेळ दीड-दोन तास पुढे ढकला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासातच्या आसपास सूर्य उगवतो आणि सगळ्यात जास्त थंडी नेमकी त्याच सुमारास असते, म्हणजे तुम्ही सध्या कडाक्याच्या थंडीत आणि अंधारात दोन्हीत चालवताय.