काशीबाईचं नाव कागदावर राहिलं, शास्त्रीबुवांचं नाही

तुम्ही विचारलंय की साहित्यात आणि इतिहासात कुठल्याही संकटाचं खापर बाईच्याच माथ्यावर का फुटतं, आणि युरोपातल्या चेटकिणींच्या छळासारखं आपल्याकडे काही घडलं होतं का. चेटकिणींविषयी वाचायला पुष्कळ मिळेल. मी पुण्यातल्या एका विहिरीपासून सुरुवात करते.

१८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं लिहिली. सरकारने त्यांवर लोकांची मतं मागवली. जोतीराव फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ ला आपलं मत लिहून दिलं आणि त्यात एक हकीकत सांगितली. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घरची, नीट वागणारी. शेजारी एक शास्त्रीबुवा राहायचे. ते तिच्या मागे लागले. तिने आधी दाद दिली नाही, शेवटी फसली आणि तिला दिवस गेले. मग त्याच शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून तिने पोट पाडायला नाही नाही ती औषधं घेतली. काही उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने सुरीने त्या बाळाला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला धरलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेचं काळं पाणी झालं.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा एका गोष्टीपाशी अडकले आणि अजून तिथेच अडकलेली आहे. त्या कागदात काशीबाईचं नाव आहे, मालकाचं नाव आहे, शास्त्रीबुवांचं नाव मात्र नाही. तिला फूस लावणारा तो, औषधं सुचवणारा तो, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती एकटी. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला यातच दिसतं. खापर फोडायला असा माथा लागतो ज्याच्यामागे कुणी उभं नाही. विधवेच्या मागे कोण होतं? सासरचे म्हणायचे हिने आमच्या मुलाला खाल्लं, माहेरचे म्हणायचे आता तिकडेच राहा.

फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरात अशा बायकांच्या बाळंतपणाची सोय केली. आज आपण त्याला बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणतो. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. १८८४ पर्यंत तिथे ३५ गरोदर विधवा आल्याचं ते लिहितात. त्यांच्या मुलांपैकी जगली फक्त ५. बाकीची बहुतेक गेली, कारण दिवस लपवायला आयांनी आधीच जी जहरी औषधं घेतली होती त्यांनी पोटातच त्या जिवांची नासाडी केली होती. दाराशी पोचेपर्यंत त्या बायकांनी काय काय गिळलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

साहित्याचं विचारलंत तर माहूरच्या रेणुकेपासून बघा. महाभारतातली कथा अशी की नदीवर चित्ररथ राजाला बघून तिचं मन क्षणभर ढळलं. बस, एवढंच. जमदग्नींनी मुलांना आईला मारायला सांगितलं. चौघे गप्प उभे राहिले तर त्यांना शाप मिळाला, पाचव्याने, परशुरामाने, परशू चालवला. पुढे वर मागून तिला उठवलं जातं, हे खरं. पण लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना सगळे परशुरामाच्या आज्ञापालनाला माना डोलवायचे. माझ्या मनात ते चौघे राहिले. बाईवरच्या शिक्षेत जो हात लावत नाही, त्यालाही शिक्षा होते.

असा हात न लावणारी एक बाई बुलढाण्यात होती, ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांना आयतं सावज मिळालं. एका विधवेच्या निमित्ताने साऱ्या बायकांवर झोड उठली. बायका बिघडल्या, शिकल्या म्हणून बिघडल्या, त्यांना आवर घाला. हे वाचून ताराबाई भडकल्या आणि त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ती छापली गेली. पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्यांनी प्रश्न घातलाय की स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण. साहस म्हणजे इथे पराक्रम नव्हे, बेधडक केलेलं दुष्कृत्य.

त्या पुस्तकात ताराबाई जिथे बोट ठेवतात तिथे आजही दुखतं. नवरा मेला की बाईने तोंड लपवून बसायचं, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये, असं त्या सरळ विचारतात. पुराणांतल्या देवांना सोडत नाहीत, त्या काळच्या कादंबऱ्यांनाही सोडत नाहीत. भाषा अशी की समोर उभं राहून कुणी ओरडतंय. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुले आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही पुस्तक लोक विसरून गेले, ते १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा सापडलं. जवळजवळ शंभर वर्षं ही बाई कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

आता उरलेलं निम्मं उत्तर. ते मला पुस्तकांत नाही, घरात मिळालं. माझ्या आईची मावशी, आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. १९५८ साली, लग्नाच्या चौथ्या महिन्यात, शेतात पाणी धरताना तिच्या नवऱ्याला पान लागलं. तालुक्याला नेईपर्यंत संपला. साप रानात निघून गेला, लस गावात नव्हती, रस्ता धड नव्हता. यातल्या कशालाच जाब विचारता येत नव्हता. एकोणीस वर्षांची सून समोर होती. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आली आणि माझं लेकरू गिळलं. वर्षाच्या आत तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हा नवा वारसा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती, नवऱ्याच्या मिळकतीत तिचा हक्क होता. पण जी स्वतःलाच अपराधी समजते ती सातबाऱ्यावर नाव लावायला कशी जाणार? जमीन दिरांकडे राहिली. सासूचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पोटचा मुलगा गेला होता तिचा. पण बाईवर दोष ठेवला की दुःखाला वाट मिळते आणि कुणाच्या तरी पदरात जमीनही पडते. दोन्ही एकदमच घडतं, आणि म्हणूनच ही रीत इतकी चिवट आहे.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. पुढे सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी दोनदा वाचली. मावशीआजी तोवर गेली होती.

तिची एक सवय होती. घरातून कुणी गावाला, परीक्षेला, मुलगी बघायला निघालं की ती आपण होऊन माजघराच्या दाराआड जायची. आडवी जायला नको म्हणून. कुणी सांगावं लागत नसे, चपलांचा आवाज आला की उठायची. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला मी पायात चपला घालून परत आत गेले आणि म्हटलं, मावशीआजी, दही तू घाल हातावर. आई काहीच बोलली नाही. मावशीआजीने वाटी घेतली, पण हात इतका थरथरत होता की अर्धं दही उंबऱ्यावर सांडलं. मी हातावरचं चाटून निघाले. फाटकातून वळून बघितलं, तर ती वाकून पदराच्या टोकाने उंबरा पुसत होती.