१४८ ते १७४ मेगाहर्ट्झचा कमर्शियल सेट दोन मीटर बँडवर चालवता येईल का?

गाडीतला जुना वायरलेस सेट मिळालाय, लेबलवर १४८ ते १७४ आहे आणि तो हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडवर, १४५ मेगाहर्ट्झला चालवायचाय, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक चालेल. फक्त ३ मेगाहर्ट्झ खाली उतरायचंय, आणि लेबलवर छापलेल्या रेंजच्या थोडं पलीकडेही सर्किट सहसा जातं. लेबल १३६ ते १७४ असतं तर झाकणही उघडावं लागलं नसतं.

सोल्डरिंग आयर्न लगेच तापवू नका. आधी सेटमधला मूळ कोडप्लग (चॅनेल आणि सेटिंगची फाइल) संगणकावर वाचून दोन ठिकाणी सेव्ह करा. बऱ्याच सेटमध्ये चॅनेलबरोबर पॉवर आणि डेव्हिएशनची (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते त्याची) कारखान्यातली जुळणीही त्यातच असते. ती पुसली गेली तर मापनाच्या उपकरणांशिवाय परत येत नाही. मग प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये १४५ टाकून बघा. काही सॉफ्टवेअर रेंजबाहेरचा आकडा घेतच नाही, तेव्हा लोक हेक्स एडिटरने (फाइलमधले बाइट थेट बदलणारा प्रोग्राम) मर्यादा बदलतात. जुन्या डॉस प्रोग्रामला मात्र जुनाच, हळू संगणक द्या.

आकडा लिहिला गेला आणि तरीही सेट नुसता बीप करत बसला, तर पीएलएल (फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणारं सर्किट) लॉक होत नाहीये. खरं काम इथे आहे. व्हीसीओचा (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) कंट्रोल व्होल्टेज मोजायचा पॉइंट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो; तिथे मीटर लावा. फ्रिक्वेन्सी खाली आणली की हा व्होल्टेज उतरत जातो आणि तळाला टेकला की पीएलएलचं लॉक सुटतं. व्हीसीओचा ट्रिमर प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने अगदी किंचित फिरवून तो वर आणा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तरी वाचन हलतं, आणि शील्डचं झाकण काढून केलेली जुळणी झाकण लावल्यावर बदलते. म्हणून झाकणाला भोक असेल तर त्यातूनच फिरवा. रिसीव्ह आणि ट्रान्समिटचे व्हीसीओ बहुधा वेगळे असतात, दोन्ही तपासा.

लॉक झाल्यावरही रिसीव्हर बहिरा वाटला तर फ्रंट एंडचे, म्हणजे अँटेनाकडच्या पहिल्या टप्प्याचे, फिल्टर खाली ट्यून करावे लागतील. कमकुवत पण स्थिर सिग्नल लावून करा. जोरदार सिग्नलवर फरक कळतच नाही.

ट्रान्समिट तपासताना ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. अँटेनावर जायचं ते हॅम लायसन्स असेल तरच. डेव्हिएशनही बघा: सेट १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलसाठी भरलेला असेल तर डेव्हिएशन जेमतेम २.५ किलोहर्ट्झ मिळतं, आणि ५ किलोहर्ट्झ वापरणाऱ्यांना तुमचा आवाज दबलेला ऐकू येतो.

४५० ते ४७० चा सेट ४३५ वर आणायच्या फंदात मी पडणार नाही. १५ मेगाहर्ट्झ खाली यायचं म्हणजे व्हीसीओचे भागच बदलायला लागू शकतात. त्यापेक्षा ४०३ ते ४७० चा शोधा. आणि कमर्शियल सेटना फ्रिक्वेन्सी फिरवायची डायल नसते. रिपीटरची (सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारं स्टेशन) शिफ्ट म्हणजे पाठवायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, रिपीटर उघडणारा टोन, सगळं आधीच चॅनेलमध्ये भरा, नाहीतर प्रत्येक नव्या रिपीटरसाठी पुन्हा केबल जोडायला बसावं लागेल.